सहा मीटरच्या आतला, उत्तम कामाचा मोटरहोम : एवढा दुर्मिळ का? (नाशिक)

गोदाकाठ
मोटरहोम (आतच राहायची सोय असलेली गाडी) करून घ्यायचा विचार आहे, माहितगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. गरज अशी : कायम दोघं, कधीमधी चौघं. लांबी सहा मीटरच्या आत, कारण गाडी गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत वळवून गेटमध्ये घ्यायची आहे. आत सरळ उभं राहता यावं. टॉयलेट-बाथरूम आतच. एसी जनरेटरशिवाय रात्रभर चालावा. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना किंवा त्र्यंबकहून जव्हारकडे उतरताना कपाटं उघडू नयेत. खर्चाची तयारी ४० ते ४५ लाख.

सगळीकडून दोनच उत्तरं येतात. एक तर सात-साडेसात मीटरची गाडी घ्या, नाहीतर छोट्या गाडीत गादी आणि शेगडी बसवून देतो. या दोन्हींच्या मधलं, लहान पण उत्तम, असं काही का मिळत नाही? आणि नाशिकमधून हे करायचं तर कुठून सुरुवात करावी?

सातपूरकर
गोदाकाठ, मोटरहोमचा पैसा लांबीत जात नाही, आतल्या सामानात जातो. टॉयलेट, पंप, गीझर, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, एसी, फ्रीज हे साडेपाच मीटरला जेवढं लागतं तेवढंच साडेसात मीटरला लागतं. मोठ्या गाडीत वाढतो तो पत्रा, प्लाय आणि फ्लोअरिंग, म्हणजे सगळ्यांत स्वस्त माल. उलट लहान गाडीत मजुरी वाढते. कपाटाची प्रत्येक बाजू भिंतीच्या गोलाईप्रमाणे कापायची, पाण्याची टाकी चाकाच्या फुगवट्याभोवती वेल्डिंग करून घ्यायची, पाइप आणि वायर एकाच बोळातून न्यायच्या. त्यामुळे लहान आणि मोठी गाडी किमतीत जवळजवळ सारख्याच येतात. दोन्ही शेजारी उभ्या केल्या की गिऱ्हाईक मोठी घेतं. बांधणाराही मग लहानीच्या वाटेला जात नाही.

दुसरी गोष्ट साच्यांची. बाथरूमचा एकसंध एफआरपी (फायबरग्लास) ट्रे आणि भिंती करायच्या तर साचा लागतो, आणि साचा पन्नासेक गाड्यांत वसूल व्हावा लागतो. वर्षाला दोन-चार गाड्या निघणार असतील तर साचा कोण करणार? मग प्लायवर लॅमिनेट चिकटवून बाथरूम उभं राहतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे कोपरे फुगतात. आपल्याकडच्या बऱ्याच कारागिरांचा हात व्हॅनिटी व्हॅनवर बसलेला आहे. ती शूटिंगच्या जागी दिवसभर उभी असते, जनरेटरवर चालते, वजनाचा हिशेब कोणी विचारत नाही. तीच पद्धत लहान गाडीत आणली की गाडी मालाखालीच दबते.

घाटमाथा
सातपूरकरांशी सहमत, पण मूळ अडचण त्याच्याही खाली आहे. बेस गाडीच, म्हणजे जिच्यावर मोटरहोम बांधायचा ती मूळ गाडीच नाही.

युरोपात लहान मोटरहोमचा सुकाळ आहे तो बऱ्याच अंशी फियाट ड्युकाटो या एका व्हॅनमुळे. पुढच्या चाकांना ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट (फिरता दांडा) नाही आणि फरशी खाली. भिंती जवळजवळ सरळ, आणि आत रुंदी एवढी की माणूस आडवा झोपू शकतो. पलंग आडवा टाकता आला की गाडीची अर्धा मीटर लांबी वाचते. त्याच व्हॅनच्या ५.४१, ५.९९ आणि ६.३६ मीटर या ठरलेल्या लांब्या आहेत, आणि डझनभर बांधणारे तेवढ्याच मापांचं फर्निचर वर्षानुवर्षं करतात. शिवाय तिकडे साध्या कार लायसन्सवर सर्वसाधारणपणे ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येत आली आहे. त्यामुळे हलकं आणि लहान करण्याला तिथे बाजारात मोल आहे. आपल्याकडे एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सची मर्यादा ७५०० किलो आहे, म्हणून लहान करण्याची सक्ती कोणावरच नाही. मला हे कारण फार मोठं वाटतं, आणि त्याची चर्चा होताना दिसत नाही.

आपल्याकडे पर्याय मोजकेच. फोर्स ट्रॅव्हलर : ३०५०, ३३५०, ४०२० मिमी अशा व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) येते, २.६ लिटर डिझेल, मेकॅनिक गावोगावी. आत उभं राहता येतं. मागच्या चाकांना ड्राइव्ह, फरशी उंच. तुमच्यासाठी ३३५०. फोर्स अर्बानिया : बांधणी मोनोकॉक (वेगळी चासी नाही, बॉडीच सांगाडा), चालवायला कारसारखी, पत्र्याचा आवाज कमी. व्हीलबेस ३३५०, ३६१५, ४४००. यातली सर्वांत छोटीच तुमच्या विचाराची. टाटा विंगर : पुढच्या चाकांना ड्राइव्ह, ३४८८ व्हीलबेसची गाडी साडेपाच मीटरच्या आसपास. फरशी खाली असल्यामुळे आत शिरणं सोपं. पण इंजिनाचा जोर ट्रॅव्हलरपेक्षा कमी, आणि मागे सगळं वजन टाकलं तर पुढची ड्राइव्हची चाकं हलकी पडतात. ओल्या घाटात चढावर ती फिरतात. विंगर घेतलीत तर पाणी आणि बॅटरी पुढच्या अर्ध्या भागातच ठेवा.

कारखान्यात बनलेला लहान आणि खरोखर उच्च दर्जाचा कॅम्पर भारतात आला तो मर्सिडीज व्ही-क्लास मार्को पोलो. २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये आला, किंमत १.४६ कोटी एक्स-शोरूम, हॉरायझन प्रकार १.३८ कोटी. लांबी सव्वापाच मीटरच्या आत, छप्पर वर उघडणारं. पण आत टॉयलेट-बाथरूम नाही. नंतर ती यादीतून गेली.

गोदाकाठ
जपानमध्ये तर उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे, चिमुकले आणि देखणे कॅम्पर भरपूर आहेत. तिथून वापरलेला एखादा आणता येईल का?

घाटमाथा
जपानी केई (तिथल्या सर्वांत लहान गाड्यांची श्रेणी) कॅम्पर ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद आणि २ मीटर उंच एवढ्याच चौकटीत, ६६० सीसी इंजिनवर बसवलेला असतो. त्यांची बारीक कामाची हातोटी शिकण्यासारखी आहे, पण चौघं घेऊन कसारा चढायची ती गाडी नव्हे. टोयोटा हायएस व्हॅनवरचे मोठे असतात, ते उत्तम.

वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी असावा लागतो, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवता येते. जपानात तीन वर्षांच्या आतला चांगला कॅम्पर स्वस्त नसतोच. त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी धरले की तुमची ४५ लाखांची रेघ बरीच मागे राहते. तिथला वीजपुरवठा १०० व्होल्टचा, म्हणून आतली चार्जर-इन्व्हर्टर साखळीही बदलावी लागते. आणि पुढची काच फुटली तर? नाशिकला ती महिनोन्महिने येणार नाही. माझा सल्ला : नको.

पेठरोड
पासिंगची बाजू आधी समजून घ्या, कारण लहान मोटरहोम कमी असण्यात तिचाही वाटा आहे.

खासगी वापराचा कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांत दिलेला आहे. म्हणजे पांढरी नंबरप्लेट, परमिट नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी (कागदावर मोटरहोमचं हेच नाव) एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. व्याख्येत चार गोष्टी लागतात : बसायच्या जागा आणि टेबल, झोपायची सोय (सीटची होणारी चालते), स्वयंपाकाची सोय आणि सामानाची सोय. टेबल काढता-घालता येणारं चालतं, बाकी सगळं गाडीला पक्कं बसवलेलं हवं.

बांधणाऱ्याला एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून त्या बेस गाडीवरच्या त्या मॉडेलची मान्यता घ्यावी लागते. चाचणीचा खर्च आणि जाणारे महिने गाडी लहान आहे म्हणून कमी होत नाहीत. मग बांधणारा जास्त खपणाऱ्या लांब व्हीलबेसचीच मान्यता काढतो. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "३३५० व्हीलबेसवर मोटर कॅराव्हॅनची मान्यता तुमच्या नावावर आहे का, तिची प्रत दाखवा," हा विचारा. तिथे टाळाटाळ झाली तर पुढे बोलणं व्यर्थ.

कागद कोणते : बेस उत्पादकाचा फॉर्म २२-ए भाग एक, बांधणाऱ्याचा भाग दोन, फॉर्म २१, फॉर्म २०, मान्यतेची प्रत, विमा. गाडीची पहिली नोंदणीच मोटरहोम म्हणून झाली पाहिजे. आधी प्रवासी गाडी म्हणून एमएच-१५ पासिंग करून मग आत काम करणं हा उलटा रस्ता आहे. नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं.

सुतारकी
माझं मत थोडं वेगळं. अंबड आणि सिन्नरमध्ये फॅब्रिकेशनचा हात चांगला आहे, नाशिकचे सुतार मॉड्युलर किचन डोळे मिटून करतात. प्रवासी ट्रॅव्हलर घ्या, मागच्या सीट काढा, सुटे बॉक्स करून बोल्टने बसवा. निम्म्या पैशात होईल.

पेठरोड
@सुतारकी, सीट काढल्या की आरसीवरची आसनक्षमता आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नाही. रस्त्यावर दंड हा त्यातला लहान भाग. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेअर आरसी आणि गाडी शेजारी ठेवून पाहतो. गॅस, २३० व्होल्टची वायरिंग, पलंग यांतलं काहीच कागदावर नसेल तर दावा अडतो. ४५ लाखांच्या गाडीवर हा धोका कोणी घेऊ नये.

सातपूरकर
आणि सुतारकी, मॉड्युलर किचनची पद्धतच गाडीत चालत नाही. तो दोष कारागिराचा नाही, जागेचा आहे. १८ मिमी गर्जन प्लायची आठ बाय चारची एक शीट ३८ ते ४० किलोची. घरात त्याचं काय? गाडीत अशा बारा शीट लागल्या की साडेचारशे किलो गेले. १२ मिमी मरीन प्लाय घेतला तर शीट २३ किलोच्या आसपास. त्यातही दरवाजे ९ मिमीचे आणि उभ्या फळ्यांना मधून खिडक्या कापलेल्या, म्हणजे फर्निचर सव्वादोनशे किलोत बसतं. मिनीफिक्स (मॉड्युलर फर्निचरचा फिरवून आवळायचा जोड) तर विसराच. थरथरीने त्याची खाच झिजते आणि सहा महिन्यांत कपाट डुलायला लागतं. सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) गोंद आणि बॅरल नट, किंवा सरळ ॲल्युमिनियम प्रोफाइलचा सांगाडा. दाराला लोहचुंबकी कॅच नको, दाबून अडकणारं पुश लॉक हवं. घाटातल्या वळणावर भरलेला ड्रॉवर लोहचुंबक सहज सोडतो.

वजनाचा हिशेब मांडतो, कारण लहान गाडीचं सगळं गणित इथेच ठरतं. चार माणसं २८०. पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो. लिथियम बॅटरी ९५. एसी ४५. फर्निचर २३०. सोलर पॅनेल आणि फ्रेम ४५. फ्रीज २५. टॉयलेट १२. बाथरूम ४०. ऑनिंग (बाहेर उघडणारं छत) २२. कपडे-भांडी-सामान ९०. झाले ९८४. फरशी, इन्सुलेशन, खिडक्या, वायरिंग यांचे आणखी शंभर-सव्वाशे धरा. सांडपाणी वेगळं मोजू नका, वरच्या टाकीतलंच खाली जातं. आता बेस गाडीची जीव्हीडब्ल्यू (मालासह कमाल मान्य वजन) वजा सीट काढलेल्या गाडीचं काट्यावरचं वजन, हा आकडा बाराशेच्या खाली असेल तर चौघांची गाडी होणार नाही. दोघांची होईल. बांधणाऱ्याकडून हा तक्ता लेखी घ्या.

गोदाकाठ
डोळे उघडले. विजेचं कोणी सांगेल का? "रात्रभर एसी" म्हटलं की कोणी १५० अँपिअरची बॅटरी सुचवतं, कोणी जनरेटर.

अंबड_इलेक्ट्रिकल
आधी युनिट मोजू. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला हजार वॅटच्या आसपास ओढतो, गाडी गार झाली की ३५० ते ५०० वर येतो. आठ तास, सरासरी ४५० : ३.६ युनिट. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्ट फ्रीज उन्हाळ्यात ०.६. पंखे, दिवे, पंप ०.३. इंडक्शनवर दोन वेळचं १.२. बेरीज ५.७. इन्व्हर्टरचा तोटा धरून ६.३. बॅटरी ८० टक्केच वापरायची तर ८ युनिटची हवी. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या म्हणजे १०.२४ युनिट. नेमकं बसतं, थोडी शिल्लकही राहते. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची लेड बॅटरी कागदावर १.८ युनिट, त्यातले निम्मेच वापरायचे. दीड-दोन तासांत संपली.

१२ व्होल्टऐवजी ४८ चीच यंत्रणा (वरची ५१.२ ची बॅटरी याच वर्गातली) का? २००० वॅटचा भार इन्व्हर्टरचा तोटा धरून १२ व्होल्टवर १८५ अँपिअर होतो, ५१.२ व्होल्टवर ४३. पहिल्याला ७० चौरस मिमीची केबल, दुसऱ्याला १६ ची पुरते. केबलचं वजन, तापणं, सैल लगमुळे (केबलच्या टोकाचा जोड) जळणं हे सगळं कमी. दिवे-पंपासाठी ४८ वरून १२ चा कन्व्हर्टर लावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर टर्मिनलजवळ क्लास टी (फार मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज हवाच. लिथियमचा शॉर्ट सर्किट करंट साधा फ्यूज तोडू शकत नाही, तो आतल्या आत ठिणगी धरून जळत राहतो.

लहान गाडीची खरी मर्यादा छपरावर आहे. ५४० वॅटचा पॅनेल २.२८ मीटर लांब, १.१३ रुंद, २८ किलो. दोन शेजारी ठेवले तर रुंदीबाहेर जातात. एकामागे एक ठेवले तर साडेचार मीटर छप्पर संपतं, मग एसी, व्हेंट फॅन कुठे? म्हणून एकच पॅनेल धरा. नाशिकच्या उन्हात ५४० गुणिले साडेचार तास, त्यातून तापमान आणि सपाट बसवण्याचा तोटा वजा : १.८ युनिट. पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. राहिलेलं इंजिनाकडून आणि घरच्या सॉकेटवरून. इंजिनावर १२ ते ४८ चा डीसी-डीसी चार्जर, १२ च्या बाजूला ५० अँपिअर. तीन तासांच्या प्रवासात पावणेदोन युनिट मिळतात. अल्टरनेटरची (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) वायर थेट बॅटरीशी जोडून देणारा भेटला तर थांबवा. लिथियम हवा तेवढा करंट खेचतं आणि अल्टरनेटर जळतो.

म्हणजे सलग दोन रात्री एसीसह बाहेर काढल्या तर तिसऱ्या दिवशी सॉकेट शोधावं लागणार. सहा मीटरच्या आत हे गणित असंच येतं. जो "अमर्याद सोलर एसी" म्हणतो त्याला हा हिशेब दाखवा.

बाहेरच्या विजेसाठी निळा १६ अँपिअर औद्योगिक इनलेट, लगेच मागे एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). एक बारीक पण जिवाची गोष्ट : इन्व्हर्टरवर असताना न्यूट्रल आणि गाडीची बॉडी जोडलेली नसेल तर आरसीसीबी ट्रिपच होत नाही. बाहेरच्या विजेवर असताना मात्र तीच जोडणी सुटली पाहिजे. हे करणारा रिले चांगल्या इन्व्हर्टरमध्ये असतो, तो आहे का आणि चालू केलाय का ते तपासा.

बॅटरी उन्हाच्या भिंतीला टेकवू नका. मे महिन्यात आतली पेटी तापली की बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) चार्जिंग बंद करतं.

गोदाकाठ
छपरावरचा एसी बरा की स्प्लिट?

अंबड_इलेक्ट्रिकल
छपरावरचा बसवायला सोपा, पण उंची वाढते आणि पॅनेलची जागा जाते. स्प्लिटचं बाहेरचं युनिट खाली चासीला लावायचं तर रबर माउंट आणि कॉपरऐवजी गाडीच्या एसीचे रबर होज घ्या. कॉपर थरथरीने कडक होत जातं आणि फ्लेअर नटच्या गळ्याशी चिरतं. "दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो" अशा तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

भातुकली
बाथरूम आणि ओट्याबद्दल लिहिते, कारण गाडी "उत्तम" आहे की नाही ते तिथेच कळतं.

बाथरूम आतून ७५ बाय ९० सेंटीमीटरपेक्षा लहान नको. ट्रे एकसंध एफआरपीचा, कडा किमान ८ सेंटीमीटर वर वळलेल्या. आणि ड्रेन दोन हवेत, समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांत. गाडी कधीच सपाट जागी उभी नसते. एकच ड्रेन असेल तर भंडारदऱ्याला उतारावर पार्क केल्यावर पाणी नेमकं दुसऱ्या कोपऱ्यात साचतं आणि दाराच्या उंबऱ्याखाली मुरतं. सांध्यांना बाथरूमचं साधं सिलिकॉन नको, पॉलियुरेथेन सीलंट हवं. ते गाडीच्या हालण्याबरोबर ताणलं जातं.

पाइप सीपीव्हीसीचे करू देऊ नका. सोल्युशनने चिकटवलेले सांधे थरथरीत तडकतात. पेक्स पाइप आणि क्रिम्प फिटिंग. पंप १२ व्होल्टचा डायफ्रॅम, मिनिटाला ११ लिटरचा पुरतो, पंपाच्या आधी जाळी आणि नंतर छोटा अॅक्युम्युलेटर (दाब साठवणारी टाकी). नाहीतर नळ उघडला की पंप टकटक करत राहतो आणि त्याचा प्रेशर स्विच लवकर जातो.

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कदापि नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दहा लिटरचा इलेक्ट्रिक, नाहीतर इंजिनाच्या कूलंटवर तापणारा हीट एक्स्चेंजर. नाशिकहून कसाऱ्यापर्यंत गाडी चालली की आंघोळीपुरतं पाणी फुकट तापतं. स्वयंपाक इंडक्शनवर केला तर गॅसची पेटी, खाली उघडणारी जाळी, रेग्युलेटर, होज हे सगळं वाचतं. गॅस ठेवायचाच असेल तर पेटी आतून हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो.

टॉयलेट कॅसेटचं (खालची मैल्याची टाकी ओढून काढता येणारं) घ्या. टाकी १८-२० लिटरची, दोघांना दोन-तीन दिवस. दार बाहेरून उघडणारं असावं म्हणजे कॅसेट घरातून न्यावी लागत नाही. ती कुठेही ओतायची नाही, घरच्या किंवा हॉटेलच्या संडासात पाण्याने रिकामी करायची. गोदेच्या काठी, धरणाच्या पाण्यात कोणी हे करताना दिसलं तर हटकावं.

रानवाट
राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. पण धोरणाने जागा तयार होतात, गाड्या नाही. गंगापूर धरणाजवळचं एमटीडीसीचं रिसॉर्ट वगैरे ठिकाणी वीज-पाण्याची चौकशी आधी फोनवर करा. २०२७ च्या सिंहस्थात गाडी घेऊन जायचा विचार असेल तर शहराबाहेरच्या वाहनतळावरच थांबायची तयारी ठेवा.

सुतारकी
भातुकली ताई, दोन ड्रेनची गोष्ट पटली. सातपूरकर, प्लायऐवजी एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) चालेल का?

सातपूरकर
भिंतीच्या आवरणाला ३ मिमी एसीपी चालतो, पण नुसता नाही. मागे इन्सुलेशन हवं. बंद छिद्रांचा नायट्राइल फोम १९ ते २५ मिमी, छपराला जाड बाजू, उष्णता सोसणाऱ्या अॅडहेसिव्हने चिकटवलेला. साध्या फेव्हिकॉलने छपराला लावलेला फोम मेच्या पहिल्या आठवड्यात खाली लोंबतो. ग्लासवूल नको, पाणी धरतं आणि थरथरीने खाली बसतं. पत्र्याच्या उभ्या पट्ट्याही झाका, उष्णता तिथूनच आत येते. कपाटाला मात्र एसीपी नको, त्यात स्क्रू धरत नाही.

गोदाकाठ
समजलं ते असं : ट्रॅव्हलर ३३५० किंवा छोटी अर्बानिया, त्याच व्हीलबेसची मान्यता असलेला बांधणारा, झोपायची सोय दोघांची पक्की आणि दोघांची सीटवरची, ४८ व्होल्ट, एक पॅनेल, स्प्लिट एसी. ताब्यात घेताना काय पाहावं?

पेठरोड
प्रवासात बसायच्या प्रत्येक सीटला तपासणीतून गेलेला बेल्ट आणि त्याचा अँकर हवा. आरसीवर जेवढ्या जागा तेवढेच बेल्ट. विम्यात आतल्या कामाची बिलं दाखवून किंमत जाहीर करा, नाहीतर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) बेस गाडीचीच धरली जाते.

सातपूरकर
पाणी, डिझेल पूर्ण भरा, चार माणसं बसवा आणि एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर न्या. आधी पुढची चाकं, मग सगळी, मग मागची. दोन्ही एक्सलचे आकडे प्लेटवरच्या मर्यादेशी ताडून पाहा. पलंग मागे आडवा आणि त्याखाली टाकी-बॅटरी असली की एकूण वजन बसतं पण मागचा एक्सल ओलांडतो. डावी-उजवीकडचं वजनही वेगळं घ्या. ओटा, फ्रीज आणि बाथरूम एकाच बाजूला आले तर गाडी तिकडे झुकते, टायर त्या बाजूने खातं. टायरमधली हवा त्या आकड्यांवरून ठरवा. पावती फाइलला लावा.

मग कसारा घाट एकदा खाली, एकदा वर. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. वर आल्यावर चारही चाकांच्या रिमला हात न लावता, जवळ धरून उष्णता पाहा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक अडकतोय.

भातुकली
घाटातून आल्याआल्या ओट्याखालचं आणि बाथरूममागचं प्रत्येक झाकण उघडा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा, सगळे नळ बंद करा, पंप चालू ठेवा आणि अर्धा तास थांबा. पंप मध्येच आपोआप चालू झाला तर कुठेतरी थेंब गळतोय. मग ओला टिश्यू सापडून गळती बंद होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

अंबड_इलेक्ट्रिकल
त्याच अर्ध्या तासात एसी आणि इंडक्शन एकत्र चालवा आणि बॅटरीचा प्रत्येक लग इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. शेजारच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम निघालेला लग सैल आहे. तो लगेच टॉर्क पानाने आवळून घ्या, आणि हजार किलोमीटरनंतर सगळेच पुन्हा एकदा.